‘शरकषण कलकरण’: वेबपानावर मराठी टाइप होताना नेमका कुठला इव्हेंट ऐकायचा?

दौतटाक
नमस्कार मंडळी. दोन आठवडे अडकलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या गावच्या वाचनालयासाठी सभासद नोंदणीचं एक पान करून दिलंय. नोकरीत मी हिशेब बघतो, जावास्क्रिप्ट रात्री बसून शिकलो. पानावर तीन रकाने: नाव, गाव, फोन. ग्रंथपाल बाईंची एकच अट होती, नाव मराठीतच यायला हवं. त्या यादी वर्णानुक्रमे लावतात आणि मधेच रोमन नावं आली की सगळी लावणी विस्कटते.

आधी मी ‘कीडाउन’ ऐकला, म्हणजे कळ दाबली की ब्राउझर पानाला देतो ती वर्दी (इव्हेंट). दाबलेली कळ देवनागरी नसेल तर ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’, म्हणजे ती आत जाऊ द्यायची नाही. लॅपटॉपवर इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डने करून बघितलं, झकास चाललं. बाईंनी त्यांच्या अँड्रॉइड फोनवर उघडलं तर रोमन, आकडे, काहीही आत जातंय. फोन केबलने लॅपटॉपला जोडून कन्सोल (ब्राउझरच्या आतल्या नोंदी दिसतात ती खिडकी) बघितला. प्रत्येक कळीला ‘की’ची किंमत ‘अनआयडेंटिफाइड’ आणि कीकोड २२९. क दाबा २२९, ज्ञ दाबा २२९.

मग कीडाउन सोडला आणि ‘इनपुट’ इव्हेंट धरला. प्रत्येक बदलाला रकान्यातला मजकूर घ्यायचा, रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरातला साचा ओळखणाऱ्या सूत्राने) ‘अक्षर’ नसलेलं गाळायचं, उरलेलं परत रकान्यात ठेवायचं. म्हटलं रोमनचं नंतर बघू, निदान आकडे आणि चिन्हं तरी जातील. घाईत ‘कमल’ टाइप करून बघितलं, बरोबर आलं, म्हणून रात्रीच पान चढवलं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयातल्या संगणकावर एका काकांनी नाव भरलं, श्रीकृष्ण कुलकर्णी. नोंद झाली ‘शरकषण कलकरण’. काकांनी म्हणे चार वेळा प्रयत्न केला, वेलांटी टिकेना, शेवटी कंटाळून तसंच पाठवलं. फोनवाल्यांची तऱ्हा वेगळी. अक्षरं दोन-दोनदा उमटतात आणि मधलं अक्षर दुरुस्त करायला गेलं की कर्सर शेवटी पळतो.

तर प्रश्न असे: २२९ म्हणजे काय? मात्रा कोण खातंय? आणि मराठी टायपिंगसाठी कुठला इव्हेंट वापरायचा?

चहाबाज
शरकषण कलकरण! मोठ्याने वाचलं तर घरचे आत येऊन विचारायला लागले काय झालं. काकांना माझा नमस्कार सांगा, चार वेळा प्रयत्न करणारा सभासद वाचनालयाने जपून ठेवावा.

निरंजन_प
मात्रांचं सोपं आहे, तेवढं सांगतो. तुम्ही गाळणीत ‘पी-एल’ हा वर्ग घातला असणार. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या, हिशेबात तो फक्त ‘लेटर’चा वर्ग. क, ख, अ, आ ही अक्षरं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे ‘मार्क’, त्यांचा वर्ग वेगळा, ‘पी-एम’. म्हणजे ‘श्री’ हे आपल्या डोळ्याला एक अक्षर, पण आत चार तुकडे: श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. तुमच्या गाळणीतून दोन राहिले, दोन गेले. ‘कमल’मध्ये एकही मात्रा नाही, म्हणून चाचणीत दिसलं नाही.

२०१८ च्या इक्मास्क्रिप्टपासून (जावास्क्रिप्टचं प्रमाण) रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘स्क्रिप्ट इक्वल्स देवनागरी’ असंही लिहिता येतं, शेवटी ‘यू’ (किंवा नंतर आलेला ‘व्ही’) फ्लॅग मात्र हवाच. त्यात अक्षरं आणि मात्रा दोन्ही येतात, रोमन बाहेर राहतं.

पण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे नव्हे. गाळणी सुधारली तरी फोनवर अक्षरं दुप्पट होणारच.

विद्युल्लता
२२९ बद्दल. विंडोजमध्ये कळांना आकडे दिलेले असतात. त्यात २२९ चा अर्थ ‘ही कळ सध्या इनपुट मेथडच्या ताब्यात आहे’. जपानी-चिनी टाइप करताना तीन-चार कळा मिळून एक चिन्ह ठरतं. ते ठरेपर्यंत ब्राउझर पानाला सांगतो, थांबा, अजून काही नक्की नाही. तोच आकडा पुढे वेबच्या नियमांतही आला.

अँड्रॉइडवर कारण थोडं वेगळं, परिणाम तोच. फोनवरच्या कीबोर्डला मुळात कळा नसतातच, काचेवर काढलेली चित्रं असतात. तो कीबोर्ड म्हणजे एक वेगळं ॲप. तो ब्राउझरला ‘क दाबली’ असं कळवत नाही, ‘हा मजकूर इथे ठेव’, ‘आता तो बदलून हा ठेव’ असं कळवतो. सूचनेतला शब्द निवडला, बोटाने रेघ ओढून शब्द काढला, बोलून टाइप केलं, यात कुठली कळ दाबली म्हणणार? म्हणून २२९. आणि कीडाउन अडवूनही काही अडत नाही, कारण मजकूर त्या वाटेने येतच नाही.

तेव्हा दौतटाक, तुमचा कोड चुकलेला नव्हता, तो चुकीच्या दारावर उभा होता. कळ कुठली हे विचारूच नका, रकान्यात काय आलं ते बघा.

दौतटाक
विद्युल्लताताई, निरंजन, मनापासून आभार. काचेवरची चित्रं हे डोक्यात बसलं. पण मग इनपुट इव्हेंट तर मी ऐकतच होतो. तरी अक्षरं दुप्पट का?

तोक्योचा_पाहुणा
इथे मी सहा वर्षं हेच काम करतोय, जपानी कंपनीत, त्यामुळे हा विषय जवळचा.

टायपिंगचे दोन टप्पे असतात. कच्चा आणि पक्का. कच्चा शब्द चालू असतो तेव्हा त्याखाली बारीक रेघ दिसते, फोनवर नक्की बघितली असेल. त्या काळात ब्राउझर तीन इव्हेंट देतो: कॉम्पोझिशनस्टार्ट, कॉम्पोझिशनअपडेट, कॉम्पोझिशनएंड. कच्चा मजकूर अजून कीबोर्डच्या हातात असतो. समजा त्याच्याकडे ‘कुल’ आहे आणि तुम्ही मधेच रकान्याची व्हॅल्यू बदलून ‘कल’ केली. कीबोर्डला ते कळत नाही किंवा उशिरा कळतं. तो पुढच्या दाबाला आपल्या हिशेबाने पुन्हा ‘कुलक’ आणून ठेवतो. म्हणून दुप्पट अक्षरं, म्हणून कर्सर पळतो. दोघं एकाच पाटीवर एकाच वेळी लिहितायत.

नियम साधा आहे: इव्हेंटवर ‘इझकॉम्पोझिंग’ नावाचा गुण असतो. तो खरा असेल तर रकान्याला हात लावायचा नाही, सरळ परत फिरायचं.

जपानीत याचा त्रास एंटरला जास्त होतो. उच्चारावर चालणाऱ्या काना लिपीतून कांजी चिन्हं निवडून एंटरने शब्द पक्का करतात. चॅटवाल्याने ‘एंटर म्हणजे पाठव’ असं आंधळेपणाने लिहिलं असेल तर अर्धं वाक्य साहेबांकडे जातं. क्रोमवर इझकॉम्पोझिंग तपासलं की भागतं. सफारीत कॉम्पोझिशनएंड आधी येतो आणि एंटरचा कीडाउन नंतर, त्यामुळे तो गुण खोटा दिसतो. तिथे जुना २२९ च कामाला येतो. आम्ही दोन्ही तपासतो.

विद्युल्लता
तोक्योचा_पाहुणा यांच्याशी ऐंशी टक्के सहमत, वीस टक्के भांडण.

जपानीत ‘इझकॉम्पोझिंग असेल तर सोडून दे’ हे बरोबर. पण अँड्रॉइडवर मराठी टाइप करताना बहुतेक वेळा अख्खा शब्द कच्चाच असतो, स्पेस देईपर्यंत. शोधाच्या चौकटीत हा नियम लावलात तर ‘ज्ञाने’ टाइप करून माणूस वाट बघत बसेल, खाली एकही पुस्तक दिसणार नाही. मी एका दुकानाच्या पानावर हेच केलं होतं आणि गिऱ्हाइकं म्हणत होती, मराठीत शोधलं की काही सापडत नाही. स्पेस दिल्यावर सापडायचं, पण शेवटी स्पेस कोण देतो?

दुसरा खड्डा. क्रोममध्ये शब्द पक्का होताना शेवटचा इनपुट इव्हेंट आधी येतो आणि कॉम्पोझिशनएंड त्याच्या मागून. कच्च्या काळातले सगळे इनपुट सोडून दिले तर पक्क्या शब्दाचा वेगळा इनपुट मिळतच नाही. म्हणजे कॉम्पोझिशनएंडवरही तेच काम लावावं लागतं.

म्हणून माझा नियम असा: नुसतं वाचायचं असेल तर इनपुट इव्हेंट बिनधास्त ऐका, कच्चं असो की पक्कं. रकान्यात लिहायचं असेल तर कॉम्पोझिशनएंडपर्यंत थांबा.

तोक्योचा_पाहुणा
हे पटलं. आमच्याकडे कच्चा मजकूर काना लिपीत असतो, तो शोधून उपयोग नसतो, म्हणून वाचायचंही थांबवतो. मराठीत कच्चा शब्दही वाचण्याजोगा असतो हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. वाचणं आणि लिहिणं वेगळं, हे उद्या ऑफिसात सांगतो.

पाटीपेन्सिल
मी टायपिंगचे वर्ग घेते. इन्स्क्रिप्टवाल्यांच्या वतीने एक गोष्ट सांगते, कारण आमचं कौतुक कोणी करत नाही.

संगणकावर इन्स्क्रिप्ट लावलं असेल तर कच्चं-पक्कं भानगड नसते, एक कळ एक चिन्ह. पण पानावर शॉर्टकट ठेवले असतील, म्हणजे जे दाबलं की पुढची नोंद आणि के दाबलं की मागची, तर ते माझ्याकडे चालत नाहीत. जे च्या जागी माझ्याकडे ‘र’ उमटतो आणि के च्या जागी ‘क’. एस दाबलं तर चक्क एक सुटी मात्रा येते. तुमचा कोड ‘की’ बघतो आणि त्याला ‘जे’ दिसत नाही.

माझा एक विद्यार्थी म्हणाला, ‘की’ ऐवजी ‘कोड’ बघायचा, त्यात ‘कीजे’ असं कळीचं ठिकाण येतं, भाषा कुठलीही असो. त्याने तसं करून दाखवलं आणि चाललं.

निरंजन_प
पाटीपेन्सिलताई, तुमचा विद्यार्थी बरोबर सांगतोय. शॉर्टकट हाच कीडाउनचा खरा उपयोग. मजकुरासाठी इनपुट, कळीच्या जागेसाठी कीडाउन आणि कोड. फक्त कर्सर एखाद्या रकान्यात असेल तेव्हा शॉर्टकट बंद ठेवायचे, नाहीतर ‘राजे’ टाइप करताना पानं उलटायला लागतात.

घाटमाथा
मूळ मुद्द्यालाच हात घालतो. नाव तपासता कशाला? माणूस आपलं नाव जसं लिहील तसं ते बरोबर. उद्या एखादी सभासद ‘डी’सूझा’ लिहील, कोणी ‘वि. वा.’ अशी आद्याक्षरं टिंबांसकट टाकील, कोणी जोडआडनाव मधे आडवी रेघ देऊन लिहील. तुमची गाळणी या सगळ्यांना शरकषण करणार.

दौतटाक
घाटमाथा, म्हणणं समजतंय, पण ग्रंथपाल बाईंची अडचणही खरी आहे. आठशे कार्डं त्यांनी हाताने लावली आहेत.

घाटमाथा
मग रोमन दिसलं तर खाली एक ओळ दाखवा: ‘कृपया नाव मराठीत लिहा’. रकान्यातून काढून मात्र काही टाकू नका. लिहिणाऱ्याच्या हातातून पेन ओढणं वेगळं आणि शेजारी बसून सांगणं वेगळं.

पावतीपुस्तक
+१ घाटमाथा. त्यात भर. पेस्ट अडवणारी पानं. एका ठिकाणी खातं क्रमांक भरायचा होता, आकडे पासबुकाच्या पीडीएफमध्ये समोर, पण पेस्ट इव्हेंट अडवून ठेवलेला. एकेक आकडा बघून टाइप केला आणि नेमका एक चुकला. पैसे परत यायला तीन आठवडे. सुरक्षेसाठी म्हणे. नक्कल केली असती तर चुकलाच नसता.

स्पर्शवाचक
मला दिसत नाही. मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरतो. ते फुकट आहे आणि त्यातल्या ईस्पीकच्या आवाजात मराठीही वाचतं. हा धागा तसाच ऐकला.

गाळणीबद्दल माझ्या बाजूने सांगतो. मी वेलांटी टाइप केली की स्क्रीन रीडर ती उच्चारतो, कारण कळ दाबली गेली. त्यानंतर कोडने ती गुपचूप काढून टाकली तर मला काही कळत नाही. काकांना निदान दिसलं तरी की वेलांटी टिकत नाही. मी आनंदाने ‘पाठवा’ दाबून मोकळा झालो असतो.

सूचनेची ओळ दाखवणार असाल तर ती ‘एरिया-लाइव्ह’ लावलेल्या जागेत घाला, म्हणजे ती मला वाचून दाखवली जाते. नुसता रकाना लाल करू नका.

आणि हात जोडून एक विनंती. बटण म्हणजे बटणच असू द्या. बरेच जण डिव्ह (पानावरचा साधा खोका) घेतात, त्याला बटणासारखं रंगवतात आणि क्लिक लावतात. माउसवाल्याला फरक कळत नाही. मी टॅब दाबत जातो तेव्हा ते डिव्ह माझ्यासाठी नसतंच. खऱ्या बटणावर एंटर किंवा स्पेस दाबलं की ब्राउझर स्वतः क्लिक इव्हेंट देतो, तुम्हाला वेगळी ओळही लिहावी लागत नाही. माझ्या गावच्या एका पानावर अर्जाचा शेवटचा टप्पा असाच डिव्हचा होता. अख्खा अर्ज एकट्याने भरला आणि शेवटी शेजारच्या मुलाला हाक मारावी लागली.

दौतटाक
स्पर्शवाचक, तुमचा प्रतिसाद वाचून आत्ताच पान उघडलं. ‘राखून ठेवा’ हे माझंही डिव्हच होतं. बदललं. बटण केल्यावर त्यासाठी लिहिलेल्या अकरा ओळी काढूनही टाकल्या.

त्याच पानाची अजून एक अडचण आहे. यादीत अठराशे पुस्तकं, स्क्रोल केलं की पन्नास-पन्नास येतात. पान उघडताना मी सगळ्या बटणांवर क्लिक लावतो. पहिल्या पन्नासांची बटणं चालतात, नंतर आलेल्यांची मुकी राहतात.

जुनाजाणता
हे माझ्या आवडीचं. थोडं मागे जाऊ द्या.

१९९७ साली दोन मोठे ब्राउझर होते, नेटस्केप ४ आणि इंटरनेट एक्स्प्लोरर ४. क्लिक झाली की आधी कोणाला कळवायचं यावर दोघांचं जमत नव्हतं. नेटस्केप म्हणे वरून खाली: आधी डॉक्युमेंट, मग आतला खोका, मग बटण. एक्स्प्लोरर म्हणे खालून वर: आधी बटण, मग खोका, शेवटी डॉक्युमेंट. त्या काळी आम्ही प्रत्येक पानाचा कोड दोनदा लिहायचो. नोव्हेंबर २००० मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने डॉम लेव्हल २ चे नियम पक्के केले आणि दोन्ही वाटा ठेवल्या. आधी वरून खाली, त्याला कॅप्चर म्हणतात. मग खालून वर, त्याला बबलिंग म्हणतात. एक्स्प्लोररने ‘ॲडइव्हेंटलिसनर’ (इव्हेंट ऐकणारा कोड, म्हणजे लिसनर, लावायची प्रमाण पद्धत) स्वीकारायला मात्र नववी आवृत्ती यावी लागली, २०११ साली.

नव्या मुलांना मी सरकारी कचेरीचं उदाहरण देतो. परिपत्रक मंत्रालयातून जिल्हा, तालुका करत गावात येतं. अर्ज गावातून निघून तालुका, जिल्हा करत वर जातो. क्लिक हे दोन्ही प्रवास करते. आपण बहुतेक वेळा अर्जाच्या वाटेवर बसतो.

तुमचं उत्तर यातच आहे. प्रत्येक बटणाशी माणूस कशाला बसवता? यादीच्या बाहेरच्या खोक्यावर एकच लिसनर लावा. खाली कुठलंही बटण दाबलं तरी अर्ज वर येणारच, बटण आजचं असो वा उद्या आलेलं. आल्यावर विचारायचं, कुठून आलास? त्यासाठी ‘इव्हेंट.टार्गेट.क्लोजेस्ट’ वापरा. नुसतं टार्गेट बघू नका. बटणात पुस्तकाचं छोटं चित्र असेल तर टार्गेट ते चित्र येतं, बटण येत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. फोकस (रकान्यात येणं) आणि ब्लर (रकाना सोडणं) हे अर्ज वर जात नाहीत. त्यांच्यासाठी फोकसइन आणि फोकसआउट.

चहाबाज
जुनाजाणता काका, आमचा अर्ज तालुक्याच्या वर कधी गेलाच नाही, त्याला काय म्हणायचं?

जुनाजाणता
त्याला ‘स्टॉपप्रोपगेशन’ म्हणतात. मधल्या कोणीतरी दाबून ठेवला.

गंमत सोडा, पण खरोखर ते जपून वापरा. एकाने आपल्या खोक्यात स्टॉपप्रोपगेशन लिहिलं की बाहेर क्लिक केल्यावर मेन्यू मिटवणारा दुसऱ्याचा कोड बंद पडतो, आणि का ते कळायला दिवस जातो.

गडकिल्ले_भटक्या
अवांतर होतंय, पण इव्हेंटचाच विषय आहे म्हणून विचारतो. गडांच्या नकाशाचं पान केलंय. बोटाने नकाशा सरकवताना पान सरकू नये म्हणून टचमूव्हवर प्रिव्हेंटडिफॉल्ट लिहिलं. कन्सोलमध्ये इशारा येतो आणि पान सरकतंच.

विद्युल्लता
तुम्ही लिसनर डॉक्युमेंटवर लावला असणार. २०१७ मध्ये आलेल्या क्रोम ५६ पासून विंडो, डॉक्युमेंट आणि बॉडीवरचे टच लिसनर आपोआप ‘पॅसिव्ह’ धरले जातात. म्हणजे ते स्क्रोल अडवू शकत नाहीत. पूर्वी प्रत्येक बोटाच्या हालचालीला ब्राउझर तुमच्या कोडची वाट बघत थांबायचा आणि पान अडखळायचं, म्हणून हे केलं. ‘पॅसिव्ह: फॉल्स’ दिलं तर अडवता येईल, पण त्यापेक्षा नकाशाच्या खोक्याला सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या नियमांत) ‘टच-ॲक्शन: नन’ द्या. मग जावास्क्रिप्टला त्यात पडायचं कारणच राहत नाही.

गडकिल्ले_भटक्या
चाललं! रायगडाला बोट लावून फिरवला, पान जागचं हललं नाही.

पावतीपुस्तक
दौतटाक, तुमच्या नोंदणीच्या पानावर एकाच माणसाच्या दोन नोंदी येत नाहीत ना? आमच्या मंडळाच्या वर्गणीच्या पानावर पहिल्याच दिवशी सात जणांच्या दोन-दोन पावत्या निघाल्या. नेट मंद, लोकांनी बटण दाबलं, काही दिसेना, पुन्हा दाबलं. एका आजींच्या नावावर ५०१ च्या दोन पावत्या आणि त्या मात्र म्हणाल्या, राहू दे, बाप्पालाच गेले.

निरंजन_प
आजी थोर. पण त्यांच्या मोठ्या मनावर कोड चालवू नका. बटणाची क्लिक सोडा, फॉर्मचा ‘सबमिट’ इव्हेंट ऐका. रकान्यात एंटर दाबून पाठवणारेही त्यातच येतात. तिथे बटण बंद करा आणि ‘पाठवत आहे’ असं लगेच दाखवा. लोक दुसऱ्यांदा दाबतात ते उत्तर दिसत नाही म्हणून.

एवढ्यावर भागत नाही. पान उघडताना प्रत्येक फॉर्मला एक वेगळा क्रमांक द्या आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी पावती काढू नये. ब्राउझरमधली खबरदारी सोयीची, खरी राखण सर्व्हरवर.

मोडीवाचक
उशिरा आलो. निरंजन यांच्या ‘स्क्रिप्ट इक्वल्स देवनागरी’मध्ये एक गळती आहे. ‘ऱ्या’ दोन पद्धतींनी लिहिला जातो. एकात ऱ हे वेगळं अक्षर येतं, इन्स्क्रिप्टवाले असं लिहितात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह, युनिकोडमधलं २००डी. बरेच फोनेटिक कीबोर्ड हे दुसरं देतात. ते जोडचिन्ह कुठल्याच एका लिपीचं नाही, त्यामुळे देवनागरीची चाळणी त्याला बाहेर टाकते. मग ‘गोऱ्हे’ आडनावाचा माणूस ‘गोर्हे’ होतो. ‘ॲ’चंही तसंच. त्याला स्वतःचा क्रमांक २००८ मध्ये युनिकोड ५.१ ने दिला. त्याआधीची सवय असलेले लोक अजूनही अ ला वर चंद्र देतात, आणि त्यात पुष्कळदा हेच जोडचिन्ह दडलेलं असतं.

पाटीपेन्सिल
गोऱ्हे बाई माझ्या वर्गात आहेत. त्यांच्यासाठी हा प्रतिसाद छापून नेते.

दौतटाक
आठ दिवसांनी परत आलोय. केलं ते सांगतो.

गाळणी पूर्ण काढली. नावाच्या रकान्यावर इनपुट फक्त वाचायला ठेवला, रकान्याला हात लावत नाही. माणूस रकाना सोडून पुढे गेला की ‘चेंज’ इव्हेंटवर आजूबाजूच्या मोकळ्या जागा काढतो आणि रोमन अक्षर दिसलं तरच खाली ‘कृपया नाव मराठीत लिहा’ अशी ओळ येते, एरिया-लाइव्हमध्ये. तरी रोमनच पाठवलं तर जाऊ देतो, बाई कार्डावर मराठीत लिहून घेणार आहेत. टिंब, आडवी रेघ, जोडचिन्ह सगळं चालतं. पुस्तकांच्या यादीवर एकच लिसनर. फॉर्मला क्रमांक.

वाचनालयात बसून सात फोन तपासले. तीन वेगळे कीबोर्ड, एका आजोबांनी बोलून नाव टाकलं. त्यांच्या फोनवर कीडाउन बघत बसलो असतो तर काही दिसलंच नसतं. श्रीकृष्णकाकांना मुद्दाम बोलावलं. त्यांनी सावकाश एका बोटाने टाइप केलं, प्रत्येक वेलांटीनंतर थांबून स्क्रीनकडे बघत होते, टिकतेय का म्हणून. टिकली. जुनं कार्ड मी फाडणार होतो, पण ते त्यांनी मागून घेतलं.

एकच राहिलंय. शोधात ‘दऱ्या’ टाकलं तर एकच पुस्तक येतं. माझ्या माहितीत निदान चार आहेत.

निरंजन_प
मोडीवाचक म्हणाले तेच. काही नावं ऱ ने भरलेली, काही जोडचिन्हाने. शोधण्याआधी दोन्हीकडचं जोडचिन्ह काढा आणि ऱ चा र करा. सगळं एकसारखं होईल.

मोडीवाचक
थांबा! तसं केलंत तर आचाऱ्यांना शोधणाऱ्याला आचार्य सापडतील. स्वयंपाकाचं पुस्तक मागायला आलेल्याच्या हातात तत्त्वज्ञान पडेल. उलट करा. ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ असे तिन्ही एकापाठोपाठ दिसले तर त्यांचा ‘ऱ, हलन्त’ करा. बाकी ठिकाणची जोडचिन्हं मग खुशाल काढा. पुस्तकांच्या नावांनाही हेच, टाइप केलेल्यालाही हेच, आणि मूळ नाव जसंच्या तसं ठेवून फक्त तुलनेसाठी वेगळी प्रत.

दौतटाक
आत्ताच टाकलं. ‘दऱ्या’ शोधलं, पाच आली. पाचवं मलाच माहीत नव्हतं, उद्या जाऊन घेऊन येतो.